बारा टक्क्यांतले तीन टक्के

गेल्या रविवारी भाच्याचा फोन आला. ताईचा मुलगा, पुण्यात नोकरीला लागून तीनेक वर्षं झाली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मुद्द्यावर आला. त्याच्या ओळखीतला एक जण शेअर बाजारात 'ट्रेडिंग' करतो, ओळखीच्यांकडून पैसे घेतो आणि दरमहा दोन टक्के देतो. स्टॅम्पपेपरवर करारही करून देतो म्हणे. भाच्याकडे तीन लाख साठलेत, ते तिथे टाकू का, असं त्याला विचारायचं होतं. खरं तर विचारायचं नव्हतंच. ठरलेलं होतं. कुणीतरी घरातल्या मोठ्या माणसाने 'हो' म्हणायला हवं होतं, एवढंच.

मी घुटमळतोय हे बघून तोच म्हणाला, "मामा, रिस्क आहे हे मला कळतं रे. पण जास्त रिस्क तर जास्त रिटर्न, असंच असतं ना? तू तर शिकलायस हे सगळं."

यावर मला पुढे बोलताच येईना. "तुला नंतर फोन करतो," म्हणून मी फोन ठेवला. कारण हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, २००६ साली मी बाबांना सांगितलं होतं.

घरातल्या बऱ्याच जणांना ही गोष्ट अर्धी माहीत आहे. पतसंस्था बुडाली, बाबांचे पैसे अडकले, हा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग माझा आहे आणि तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. आज सांगतो.

बाबा गणिताचे मास्तर. २००५ साली निवृत्त झाले, पण फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात यायला २००६ उजाडलं. घराचं उरलेलं कर्ज फेडून चार लाख शिल्लक राहिले. त्यांच्यापुढे दोन पर्याय होते. एक, पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. ही २००४ साली सुरू झालेली, व्याज ९ टक्के. दुसरा, आमच्या तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था. तिच्या दारातच मोठ्या अक्षरांत बोर्ड होता : १२ टक्के. संचालक मंडळात बाबांचेच दोन माजी विद्यार्थी. ते रस्त्यात भेटले की वाकून नमस्कार करायचे.

मी तेव्हा एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. बाबांचा फोन आला. "पोस्टात नऊ आहेत, पतसंस्थेत बारा. तुमचं शास्त्र काय म्हणतं?" मला त्यांनी असं काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. नेमकी त्या आठवड्यात गुंतवणुकीच्या विषयाची परीक्षा होती. डोक्यात सूत्रं घोळत होती. मी ऐटीत सांगितलं, "बाबा, जास्त रिस्क, जास्त रिटर्न. सरळ आहे."

माझ्या मते मी त्यांना सावध केलं होतं. त्यांनी ऐकलं ते असं, की थोडी जोखीम घेतली की जास्त पैसे मिळतात हे शास्त्रच सांगतं, आणि मुलगा ते शिकून आलाय. दुसऱ्या दिवशी चारही लाख पतसंस्थेत गेले.

तीन वर्षं व्याज अगदी वेळेवर मिळालं. महिन्याला चार हजार. पोस्टात तीन हजार मिळाले असते. म्हणजे दरमहा हजार रुपये जास्त. आई त्यातून दूधवाल्याचं आणि पेपरवाल्याचं बिल भागवायची. २००९ साली एके सकाळी पतसंस्थेचं शटर उघडलं नाही. मग प्रशासक आले, मग अवसायक आले, मग उपनिबंधकांच्या कार्यालयातल्या चकरा. २०१६ पर्यंत तुकड्यातुकड्यांनी एक लाख दहा हजार परत मिळाले. पुढे काही नाही. पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेतल्या ठेवींसारखं विम्याचं संरक्षण नसतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. मला आधी कळायला हवं होतं.

तर, ते वाक्य. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. माझ्या मनात ते इतकी वर्षं रुतून बसलंय, की त्याचा राहिलेला अर्धा भाग मी सावकाश, परीक्षा नसताना वाचून काढला. तोच इथे लिहायचा प्रयत्न करतोय.

आजी एसटीने कुठे निघाली की म्हणायची, "अंगावर जोखीम आहे, रात्रीची गाडी नको." तिच्या बोलण्यात जोखीम म्हणजे दागिने, रोकड, सांभाळून न्यायची वस्तू. ती जाण्याचा धोकाही जोखीम आणि ती वस्तूही जोखीमच. मला हा जुना वापर फार नेमका वाटतो. जोखीम म्हटलं की आधी विचारावं, अंगावर काय आहे आणि रस्ता कुठला आहे.

व्याजाचा आणि रस्त्याचा संबंधही काही अमेरिकेतल्या विद्यापीठांनी शोधलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दर दिलेले आहेत. शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण, हा धर्माला धरून असलेला दर. व्यापारातल्या कर्जाला पाच पण. रानावनातून जाणाऱ्यांना दहा. समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. कारण उघड आहे. रानात चोर, समुद्रात वादळ, माणूस परतलाच नाही तर वसूल कुणाकडून करणार? पण एक गोष्ट बघा. तिथे रस्ता कोणता ते देणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि घेणाऱ्यालाही. दर रस्त्याच्या नावाने सांगितलेला आहे. आमच्या पतसंस्थेच्या बोर्डावर नुसते १२ टक्के होते. रान आहे की समुद्र, ते लिहिलेलं नव्हतं.

आता बाबांना आवडेल असं एक गणित.

समजा ३७ मास्तर आहेत. प्रत्येकाने १०० रुपये पोस्टात ९ टक्क्यांनी ठेवले. वर्षाअखेर सगळ्यांचे मिळून ४,०३३ रुपये झाले. आता त्याच ३७ जणांनी ३७ वेगवेगळ्या पतसंस्थांत १२ टक्क्यांनी ठेवले, आणि त्यातली एक पूर्ण बुडाली. उरलेल्या ३६ जणांचे प्रत्येकी ११२, म्हणजे ४,०३२ रुपये. एका रुपयाचा फरक! म्हणजे वर्षाला ३७ मध्ये एक पतसंस्था बुडत असेल, तर बोर्डावरचे १२ टक्के हे खरं तर पोस्टातले ९ टक्केच आहेत. त्याहून जास्त बुडत असतील तर ९ पेक्षाही कमी. आणि पोस्टात मात्र कुणाचीच झोप उडत नाही.

शास्त्रात ज्याला 'अपेक्षित परतावा' म्हणतात तो हा. बोर्डावरचा आकडा नव्हे. बोर्डावरचा आकडा म्हणजे सगळं सुरळीत झालं तर मिळणारी रक्कम. अपेक्षित परतावा म्हणजे सुरळीत झालेलं आणि बुडालेलं दोन्ही धरून, ज्याच्या त्याच्या शक्यतेप्रमाणे काढलेली सरासरी. मराठीत 'अपेक्षा' या शब्दाने घोटाळा होतो. आपण अपेक्षा ठेवतो ती चांगल्याची. मुलगा पास होईल ही अपेक्षा, पाऊस पडेल ही अपेक्षा. गणितातल्या अपेक्षेत नापास होणंही धरलेलं असतं.

समजा आमच्या भागात वर्षाला शंभरात एकच पतसंस्था बुडत होती. मग ९९ जणांचे ११२ धरून सरासरी येते १० टक्के आणि ८८ पैसे. म्हणजे बोर्डावरच्या १२ टक्क्यांची फोड अशी : ९ टक्के नुसते पैसे थांबवून ठेवल्याचे, १ टक्का १२ पैसे बुडणाऱ्यांच्या नुकसानीची भरपाई, आणि राहिलेला १ टक्का ८८ पैसे हे खरं बक्षीस, जोखीम अंगावर घेतल्याचं. बाबांना वाटत होतं की तीनही टक्के बक्षीस आहे. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं, फरक इतकाच की मला त्याचं इंग्रजी नाव माहीत होतं. :)

हे बक्षीस देतं कोण? खरं म्हणजे ते कुणीच उठून देत नाही. ते किमतीतून येतं. एका वर्षाने सरासरी ११० रुपये मिळतील अशी एखादी वस्तू आहे. लोकांना तिची भीती नसेल तर ते १०० रुपयांना घेतील, म्हणजे परतावा १० टक्के. भीती असेल तर म्हणतील, आम्ही ९६ च देणार. तेच ११० आता साडेचौदा टक्के झाले. वस्तू तीच, मिळणारी रक्कम तीच, फक्त भीतीने भाव पाडला. म्हणजे जास्त परतावा ही भित्र्या लोकांनी सोडलेली सूट आहे. यातून एक गंमत निघते. धोका आहे पण कुणाला भीतीच वाटत नसेल, तर भाव पडत नाही आणि बक्षीसही मिळत नाही. जोखीम मात्र तितकीच राहते. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर गेला होता, तेव्हा हॉस्टेलमधले माझे मित्रसुद्धा नोकरीच्या पहिल्या पगारातून शेअर घेत होते आणि भीती कुणालाच नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो ८,००० च्या खाली आला.

पण प्रत्येक धोक्याला लोक सूट मागू शकतात का? इथे माझ्या परीक्षेतलं सूत्र येतं.

१९५२ साली हॅरी मार्कोविट्झ या तरुण संशोधकाने दाखवलं की एकेका शेअरचा धोका सुटा मोजण्यात अर्थ नाही. तो तुमच्या बाकीच्या शेअरांबरोबर कसा हलतो ते बघायला हवं. एक पडताना दुसरा सावरत असेल तर दोघांचा मिळून धोका कमी होतो. १९६४ मध्ये विल्यम शार्प यांनी त्यापुढची पायरी मांडली. एखाद्या कंपनीच्या कारखान्याला आग लागेल, मालक भांडतील, औषध नापास होईल, हे धोके तुम्ही पैसे पन्नास ठिकाणी वाटून जवळजवळ फुकटात घालवू शकता. जे फुकटात घालवता येतं, ते अंगावर बाळगल्याबद्दल बाजार कशाला पैसे देईल? मोबदला मिळतो तो फक्त वाटूनही न जाणाऱ्या धोक्याचा, म्हणजे सगळा बाजारच खाली जातो त्याचा. बाजार १० टक्के हलला तर हा शेअर किती हलतो, या मापाला बीटा म्हणतात. सरकारी कागदावर ७ टक्के मिळतात, बाजाराकडून सरासरी १२ ची अपेक्षा आहे, आणि बीटा १.२ असेल, तर त्या शेअरकडून अपेक्षा ७ अधिक ५ गुणिले १.२, म्हणजे १३ टक्के. १९९० साली या दोघांना, मर्टन मिलर यांच्यासह, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मी परीक्षेत हे गणित बरोबर सोडवलं होतं. चांगले मार्कही पडले. आणि त्याच आठवड्यात माझ्या वडिलांनी आयुष्यभराची कमाई एकाच पतसंस्थेत ठेवली, ३७ तर सोडाच, दोनही ठिकाणी नाही, आणि मला ते दोन प्रसंग एकमेकांना जोडावेसे वाटले नाहीत. एकाच ठिकाणी सगळं ठेवण्याची जोखीम बाबांच्या अंगावर होती. तिच्याबद्दल त्यांना कुणी एक पैसाही देत नव्हतं.

पण खरी गोष्ट याहून पुढे आहे. ती मला पुस्तकाआधी २००९ सालाने शिकवली.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. देशभरात सरासरीच्या ७८ टक्केच पाऊस झाला. आमचं गाव ऊस आणि त्यावर चालणाऱ्या व्यापाराचं. दादाचं पंप आणि पाइपांचं दुकान. शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही म्हटल्यावर दुकानात उधारी वाढली, मग गिऱ्हाईकच कमी झालं. पतसंस्थेची कर्जं कुणाला दिलेली? याच व्यापाऱ्यांना, याच बागायतदारांना, आणि बाजारपेठेत गाळे बांधणाऱ्या एका बिल्डरला. संचालकांनी काय घोळ घातले ते वेगळंच, पण घोळ उघडे पडायलाही वाईटच वर्ष लागतं. दादाला दुकान तगवायला पैसे हवे होते, बाबांनी ठेव मोडायला अर्ज दिला, आणि त्याच महिन्यात शटर बंद झालं. घर विकायचा विचार झाला तर गावात घरांना गिऱ्हाईक नव्हतं. ठेव, दुकान, घर. आम्हाला वाटत होतं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच पावसावर तिन्ही उभ्या होत्या.

तेव्हा उपयोगी पडल्या आईच्या पाटल्या. वर्षानुवर्षं कपाटात पडून होत्या, व्याज नाही, काही नाही. मी एमबीएच्या पहिल्या वर्षात आईला शहाणपणा शिकवला होता, की सोनं म्हणजे निजलेला पैसा. २००९ मध्ये सोन्याचा भाव २००५ च्या जवळपास दुप्पट होता. आईने पाटल्या मोडल्या, दादाचं दुकान वाचलं. ती आजही म्हणते, "निजलेला नव्हता रे, राखणीला बसला होता."

रॉबर्ट ल्यूकस या अर्थतज्ज्ञाचा १९७८ सालचा एक प्रसिद्ध निबंध आहे. त्यात त्याने एक कल्पनेतली अर्थव्यवस्था मांडली, जिथे फक्त फळं देणारी झाडं आहेत आणि माणसं त्या झाडांतले हिस्से विकतात, घेतात. प्रश्न असा की कुठल्या झाडाला काय भाव येईल? त्याच्या उत्तराचं सार मला आईच्या वाक्यात दिसतं. दुष्काळातलं फळ आणि सुकाळातलं फळ सारखं नसतं. सगळीकडे फळं लगडलेली असताना आणखी एक मिळालं तर त्याची किंमत थोडी. पोट खपाटीला गेलेलं असताना मिळालं तर त्याची किंमत फार. म्हणून जे झाड सुकाळात भरभरून देतं आणि दुष्काळात नेमकं वाळतं, त्याला लोक कमी भाव देतात, आणि भाव कमी म्हणून त्याचा सरासरी परतावा जास्त. जे झाड दुष्काळात देतं त्याला लोक जास्त भाव मोजतात, सरासरी परतावा कमी पडला तरी चालतो. विमा तर याचं टोक आहे. विम्यात सरासरीने आपण पैसे घालवतोच, तरी शहाणी माणसं विमा काढतात.

म्हणजे जोखीम म्हणजे नुसतं वरखाली होणं नव्हे. ते कधी खाली जातं, हा प्रश्न आहे. ज्या दिवशी तुमचं बाकी सगळं खाली गेलंय त्याच दिवशी तेही जात असेल, तर ती खरी जोखीम. बाजार मोबदला देतो तो हे दुखणं सोसण्याचा. आणि बाबांच्या बाबतीत तो मोबदला, महिन्याचे हजार रुपये, या दुखण्याच्या मानाने फारच थोडा होता. मुंबईतल्या पगारदार माणसाने त्या पतसंस्थेत थोडे पैसे ठेवले असते, तर आमच्या गावच्या पावसाने त्याची नोकरी गेली नसती. त्याच १२ टक्क्यांत त्याची जोखीम वेगळी होती, आमची वेगळी.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, पसरून ठेवले, बाजाराचीच जोखीम घेतली, मग तरी जास्त परतावा नक्की ना? तर तसंही नाही. १९७८-७९ साली १०० धरलेला सेन्सेक्स जुलै २०२४ मध्ये ८०,००० झाला. लाभांश सोडूनही वर्षाला सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास. हे ऐकून कुणालाही हुरूप येईल. पण हर्षद मेहताच्या दिवसांत, एप्रिल १९९२ मध्ये साडेचार हजारांच्या जवळ गेलेला हाच सेन्सेक्स अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तीन हजारांच्या आसपास होता. अकरा वर्षांत मुलगी पहिलीतून कॉलेजात जाते. जास्त वेळ थांबलं की परतावा नक्की मिळणारच असता, तर ती जोखीम राहिली नसती, आणि मग त्यासाठी कुणी सूटही दिली नसती. न मिळण्याची शक्यता आहे म्हणूनच तर मिळतं.

आणि ही सूट किती असावी, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. रजनीश मेहरा आणि एडवर्ड प्रेस्कॉट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतली १८८९ ते १९७८ ही वर्षं तपासली. महागाई वजा जाता शेअरवर सरासरी सात टक्के, सुरक्षित कागदावर एक टक्क्याहून कमी. सहाएक टक्क्यांचा फरक. त्यांच्या सिद्धांताने हिशेब केला तर फरक अर्धा टक्काही निघेना. माणसं त्यांच्या सिद्धांतापेक्षा फार जास्त भित्री निघाली, किंवा सिद्धांतात काहीतरी राहून गेलं. पुढे १९९२ मध्ये यूजीन फामा आणि केनेथ फ्रेंच यांनी १९६३ ते १९९० मधले अमेरिकी शेअर तपासले, तर कंपन्यांचा आकार लक्षात घेतल्यावर बीटा आणि सरासरी परतावा यांच्यात संबंध जवळजवळ उरलाच नाही. म्हणजे 'जास्त रिस्क, जास्त रिटर्न' हे मी ज्या सूत्राच्या जोरावर बोललो, त्या सूत्राला मी बोललो त्याच्या चौदा वर्षं आधीच तडा गेलेला होता. अभ्यासक्रमात ते होतंही, पण शेवटच्या धड्यात. शेवटचा धडा मी ऑप्शनला टाकला होता.

असो.

बुधवारी भाच्याला फोन केला. आधी त्याला २००६ च्या फोनबद्दल सांगितलं. आजोबांचे पैसे बुडाले हे त्याला माहीत होतं, त्यात मामाचाही हात होता हे नव्हतं. जरा वेळ तो काहीच बोलला नाही. मग मी म्हटलं, "मी तुला नको म्हणत नाही. पैसे तुझे आहेत. फक्त तीन गोष्टी विचारून ये. हे दोन टक्के सगळं नीट झालं तर मिळणार, की बुडणारे धरून? असे शंभर जण पैसे गोळा करतात, त्यातले किती जण पाच वर्षांनी देत असतात? दुसरं, बाजार आपटला, तर त्या दिवशी तुझ्या या तीन लाखांचं काय, आणि तुझ्या नोकरीचं काय? आणि तिसरं, या माणसाला इतके पैसे मिळवता येतात, तर बँकेकडून याहून स्वस्तात कर्ज घ्यायचं सोडून तो तुला दोन टक्के का देतोय? बँकेला यातलं काय दिसतंय जे तुला दिसत नाही?"

"आणि याची उत्तरं मिळाली नाहीत तर?"

"तर तू रिस्क घेत नाहीयेस. ती तुझ्या गळ्यात पडतेय. घेतलेल्या जोखमीचा भाव ठरवता येतो. गळ्यात पडलेलीचा नाही."

त्याने अजून काही कळवलेलं नाही. कदाचित पन्नास हजार टाकेलही. ते बुडाले तरी तो उभा राहील एवढा मला भरवसा आहे, आणि हाही एक हिशेबच आहे.

बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. हा लेख टाकण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवला, कारण त्यांची परवानगी घ्यायची होती आणि दुसरं म्हणजे माफी मागायची होती. ३७ मास्तरांचं गणित आल्यावर त्यांनी मला थांबवलं, कागद मागितला, स्वतः गुणाकार करून बघितले. बरोबर आहे म्हणाले. पुढे सगळं ऐकून घेतलं. माफीच्या भागावर काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "तू म्हणालास म्हणून ठेवले नव्हते रे मी. ती दोन पोरं वाकून नमस्कार करायची, म्हणून ठेवले."

इतकी वर्षं मी जे ओझं माझं समजून वाहत होतो, ते त्यांनी एका वाक्यात काढून घेतलं. खरं बोलले की मला बरं वाटावं म्हणून, ते कळायला मार्ग नाही. मास्तर आहेत, कुणाला किती मार्क द्यायचे ते त्यांना कळतं.

मग त्यांनी तो गणिताचा कागद घडी करून खिशात ठेवला. "ताईच्या पोराला पाठव हे गणित," म्हणाले. "सोडवून बघितल्याशिवाय पोरांना पटत नाही."